भुवयांचा टिंट फारच काळा बसला आहे. घरच्या घरी तो सुरक्षितपणे फिकट कसा करता येईल?

आपण लिहिले आहे की काल संध्याकाळी पार्लरमध्ये भुवयांना टिंट करून घेतला, तो अपेक्षेपेक्षा फारच काळा बसला, रविवारी घरात भावाचा साखरपुडा आहे, आणि मैत्रिणींनी लिंबू-सोडा, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड असे एकाहून एक उपाय सुचवले आहेत. दादरमध्ये मी बरीच वर्षे पार्लर चालवते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना, मग रंग आमच्याकडे लावलेला असो वा नसो, मी सर्वांत आधी हेच सांगते की आरशात जो काळेपणा खुपतो आहे तो बहुतांशी केसांचा नसून केसांखालच्या त्वचेचा आहे, आणि हे दोन रंग उतरण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत.

टिंट लावताना क्रीममध्ये डेव्हलपर, म्हणजे सौम्य पेरॉक्साइड, मिसळतात. क्रीममधले रंगाचे कण सुरुवातीला इतके बारीक असतात की ते केसाच्या आत शिरतात. तिथे पेरॉक्साइडच्या संयोगाने ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग त्यांना सहजासहजी बाहेर पडता येत नाही. त्यामुळे केसातला रंग साबणाने एका दिवसात निघत नाही. तो साधारण तीन ते सहा आठवड्यांत धुऊन-धुऊन फिका पडतो आणि जुने केस गळून नवे आले की संपतो. त्वचेवर मात्र तोच रंग सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात बसलेला असतो, आणि हा थर सतत झडत असल्यामुळे तीन-चार दिवसांत डाग बराच ओसरतो. म्हणून रविवारपर्यंत आपल्याला खरे तर त्वचेचाच रंग उतरवायचा आहे, केसांवर युद्ध पुकारायचे नाही.

आज रात्रीच सुरुवात करावी, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत रंग जितका सुटतो तितका नंतर सुटत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढून ठेवाव्यात. इअरबडवर खोबरेल तेल घेऊन ते भुवईच्या केसांच्या मुळाशी, नाकाकडून कानाकडे, हलक्या हाताने लावावे आणि दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे. मेकअप काढण्याचे क्लेन्झिंग ऑइल असेल तर तेही चालते. नंतर कापूस कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, त्यावर साध्या शाम्पूचा एखादा थेंब फेसून घ्यावा आणि डोळे मिटून भुवई कानशिलाच्या दिशेने पुसावी, म्हणजे फेस पापणीवर ओघळत नाही. कापसावर राखाडी-तपकिरी डाग येताना दिसेल. दोन-तीन कापूस झाले की तो फिका होत जातो, आणि कापूस पांढरा येऊ लागला की तिथेच थांबावे. त्यानंतर कितीही घासले तरी रंग निघत नाही, केवळ कातडी सोलवटते, आणि सोलवटलेली लाल त्वचा काळ्या भुवईखाली अधिकच उठून दिसते. हे सकाळ-संध्याकाळ केले तरी पुरे. टिंटच्या आधी थ्रेडिंग केले असेल, आणि बहुधा केलेच असेल, तर कडेची त्वचा नाजूक झालेली असते; तिथे फक्त तेल लावून टिपून घ्यावे.

केसांचा रंगही थोडा उतरावा असे वाटत असेल तर व्हिटॅमिन सी उपयोगी पडू शकते, कारण ते रंगाच्या जोडण्या काही प्रमाणात सैल करते. मात्र केमिस्टकडची नारिंगी, चघळायची गोळी घेऊ नये. तिच्यात साखर आणि रंग दोन्ही असतात. साधी पांढरी गोळी किंवा पावडर घेऊन ती पूर्ण विरघळेपर्यंत पाण्यात कालवावी, कारण तिचे खडे त्वचेवर ओरखडे काढतात. त्यात शाम्पू मिसळून हे मिश्रण मस्काऱ्याच्या धुतलेल्या जुन्या ब्रशने फक्त केसांवर फिरवावे आणि पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. चुरचुरले तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नये. यातून काळ्याचा गडद तपकिरी होतो. याहून मोठ्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

आता पेरॉक्साइडविषयी सविस्तर सांगते, कारण मला खरी धास्ती त्याचीच आहे. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारी बाटली बहुधा 6 टक्क्यांची, म्हणजे 20 व्हॉल्युमची असते. पार्लरमध्ये डोक्याचे केस रंगवताना वापरतात तितकीच ती तीव्र आहे. तिचा एक थेंब भुवईवरून डोळ्यात उतरला तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. बरे, हा धोका पत्करूनही हवे ते हाती लागत नाही: पेरॉक्साइड केसातला आपला नैसर्गिक रंगही खाते, लावलेला रंग मात्र कुठे निघतो, कुठे राहतो, आणि भुवई तांबूस-चट्टेदार दिसू लागते. काळी भुवई पाहुण्यांच्या कदाचित लक्षातही येणार नाही. तांबूस भुवईची चर्चा हॉलच्या दारापासून सुरू होईल. चेहऱ्याच्या ब्लीच क्रीमलाही हेच लागू आहे. ते डोळे आणि भुवयांपासून दूर ठेवावे असे त्याच्या खोक्यावरच लिहिलेले असते. लिंबाचा रस अतिशय आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन तिथे काळे डाग राहू शकतात. सोडा आणि टूथपेस्ट खरवडतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हर डोळ्यांच्या जवळपासही आणू नये.

पार्लरमध्ये नेमके काय लावले होते हे फोन करून अवश्य विचारावे. पुष्कळ ठिकाणी डोक्याच्या केसांचाच डाय भुवयांना लावतात, आणि त्यातील पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, या घटकाची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पावडरींतही तो असतो. भुवया किंवा पापण्या रंगवण्यासाठी हे वापरू नये, अंधत्व येऊ शकते, अशी सूचना आपल्याकडे अशा डायच्या डब्यावर छापावी लागते. ती आपण कोणी वाचत नाही. अमेरिकेत 1933 च्या सुमारास लॅश ल्युर नावाच्या रंगामुळे स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या होत्या आणि 1938 च्या तिथल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यामागे ते एक प्रकरण होते. त्या रंगातही पीपीडीच होते.

ही अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, पाणी भरलेले फोड किंवा पापण्यांना सूज येते. आपल्याला काल रंग लावला आहे, म्हणजे आपण अजून त्या मुदतीत आहात. यांपैकी काही जाणवले तर वर सांगितलेले सारे उपाय बंद करावेत, भुवई फक्त साध्या पाण्याने धुवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर केईएम, नायर किंवा सायन या पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी असते. डोळ्यात काही गेले असल्यास नळाच्या हलक्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळा उघडा ठेवून धुवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

रविवारी सकाळी जो काही काळेपणा उरेल तो झाकता येतो. आपल्या त्वचेच्या रंगाचे कन्सीलर बारीक ब्रशने भुवईच्या कडेला आणि विरळ केसांच्या मधल्या त्वचेवर थोपटून लावावे, घासू नये. वरून पावडर अवश्य लावावी, नाहीतर मुंबईच्या घामात हॉलवर पोहोचेपर्यंत ते वाहून जाईल. केसांवर तपकिरी आयब्रो मस्कारा फिरवला की केसाचा पृष्ठभाग तपकिरी दिसतो आणि भुवई एकदम सौम्य होते. हा मस्कारा आपल्या डोक्याच्या केसांपेक्षा एक छटा फिका निवडावा. काजळ मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा ठळक घालावे, कारण कोऱ्या डोळ्यांवर गडद भुवया जड वाटतात आणि काजळ घातलेल्या डोळ्यांवर त्याच भुवया शोभून दिसतात. शनिवारी पुन्हा थ्रेडिंगला बसण्याचा मोह टाळावा. त्वचेला तेवढे दिवस तेल आणि पाणी यांखेरीज कशाचीही गरज नाही.