बारावीनंतर बीए केलं तर पुढे काय करता येतं?

बीए म्हणजे फक्त शिक्षकी किंवा स्पर्धा परीक्षा, हे डोक्यातून काढा. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी कुठलीही पदवी चालते (खुल्या गटाला ४५ टक्के हवेत), त्यानंतर वकिली करता येते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र हेही आहेच. प्राध्यापक व्हायचं तर एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. राज्यसेवेला पदवी कोणतीही चालते, पण फक्त त्याच भरवशावर राहू नका.

इतिहास घेणार असाल तर मोडी, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रं ज्या लिपीत आहेत ती लिपी, नक्की शिका. पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत आणि वाचणारे फार थोडे. जुन्या जमिनीच्या वादात, वंशावळ शोधताना, कुणबी नोंदी तपासताना मोडी वाचणाऱ्यालाच बोलावतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. पुरातत्त्व किंवा भाषाशास्त्राची ओढ असेल तर एमएसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज बघा.

विषय मात्र मार्क सहज मिळतात म्हणून निवडू नका, तीन वर्षं आवडीने वाचाल तोच घ्या. पहिल्या वर्षापासूनच भाषांतर, मुद्रितशोधन (प्रूफ तपासणं) असं एखादं काम हाताला लावून घ्या. नोकरी देणारा गुणपत्रिकेच्या आधी तेच विचारतो.