आधी काड्या, मग क्ष

मॅडम, सातवीला बीजगणित सुरू करताना फळ्यावर एकदम 'क्ष' लिहू नका. गुल खुडलेल्या काड्या घेऊन जा. एक चौकोन, ४ काड्या. त्याला चिकटून दुसरा, ७. तिसरा, १०. पुढचे पोरांना रचू द्या.

तक्ता करायची घाई नको. तक्ता दिसला की पोरं 'तीन-तीन वाढतात' म्हणून मोकळी होतात आणि शंभर चौकोनांना अडकतात. त्यापेक्षा विचारा, 'तुला हे कसं दिसतंय?' एखादी म्हणेल, डावीकडची एक उभी काडी, मग दर चौकोनाला ३, म्हणजे ३०१. दुसरा म्हणेल, वर १००, खाली १००, उभ्या १०१. दोन्ही फळ्यावर राहू द्या. मग शंभरच्या जागी क्ष चौकोन घ्या; '३क्ष + १' आणि 'क्ष + क्ष + (क्ष + १)' एकच कसं, यात अर्धा तास जातो. जाऊ द्या. मी सुरुवातीची काही वर्षं सूत्रच आधी सांगत बसलो होतो.

आणि हो, मार्चमध्ये आपल्या नागपुरात पंखे फुल असतात, काड्या उडतात. तेव्हा चिंचोके न्या. मधे १, चारी बाजूंना एकेक वाढवत ५, ९, १३.