विचारा तर खरं : चांद्याचा परकोट, उघडी गाडी अन् सोबत गाईड

यावेळी फिरण्याबद्दलची पत्रं बरीच आली आणि त्यातली अर्ध्याहून जास्त चंद्रपूरच्या जुन्या शहराबद्दल, म्हणजे परकोटाच्या (शहराभोवतीच्या दगडी तटाच्या) आतल्या चांद्याबद्दल. मला मनापासून आनंद झाला कारण आपल्याकडचे लोक ताडोबाला जाताना चांद्यावरून शंभरदा जातात पण जटपुरा गेटकडे मान वर करून कोणी पाहत नाही. म्हणून हा अंक जवळपास त्याच विषयाला देतो.

प्रश्न : आम्ही सिंदेवाहीकडच्या बचत गटाच्या बारा बाया आहोत, सोबत दोघी-तिघींच्या सासवा पण येतो म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, चालणं होत नाही. चांद्याचा किल्ला, महाकाली, रामाळा तलाव असं सगळं पाहाचं आहे. ताडोबात कशी उघडी जिप्सी अन् गाईड भेटते, तसं शहरात काही भेटते का? सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जाणं होईल का?
— एक ताई, सिंदेवाही तालुका

उत्तर : ताई, होईल, आणि आरामात होईल. फक्त ताडोबाच्या गेटवर जिप्सी, ड्रायव्हर, गाईड सगळं तयार भेटते तशी सोय धरून निघू नका, शहरात हे आपणच जुळवायचं असते. गोंदिया-बल्लारशा लाईनच्या गाडीनं आलात तर चांदा फोर्ट स्टेशनवर उतरा, ते तुम्हाला सोयीचं कारण ते शहराच्या पूर्वेच्या अंगाला आहे आणि तिथून परकोटाचा फेरा सुरू करता येते. नागपूर-बल्लारशा लाईनचं चंद्रपूर स्टेशन वेगळं, हे निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर अर्ध्या बाया एकीकडे अन् अर्ध्या दुसरीकडे असं होते.

गाडी म्हणाल तर ई-रिक्षा. सगळीकडून मोकळी असते, बाजूचे प्लास्टिकचे पडदे गुंडाळून वर बांधायला लावले की दोन्हीकडचं दिसते, आवाज जवळपास नाही, आणि वेगच 25 किलोमीटरच्या आतला त्यामुळे दगड न् दगड पाहत जाता येते. चढायला पायरी खाली असते म्हणून सासूबाईंच्या गुडघ्यालाही त्रास नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ई-रिक्षात कायद्यानं ड्रायव्हर सोडून चारच सवाऱ्या बसतात. म्हणजे ज्या रिक्षात गाईड बसणार त्यात तुमच्या तिघीच. तुम्ही पंधराजणी झालात तर चार रिक्षा बरोबर पुरतात. सहा-सहा कोंबून नेतो म्हणणारा भेटेल, त्याला नाही म्हणा, परकोटालगतच्या बोळींत रस्ता खालवर आहे आणि मागे लटकलेलं माणूस पडते. अजून एक, ई-रिक्षात समोरासमोर बसतात, ज्यांची पाठ ड्रायव्हरकडे त्यांना गेट मागे गेल्यावरच दिसते, तर म्हाताऱ्या बायांना पुढे तोंड करून बसवा.

आता गाईडचं. चार रिक्षा अन् एक गाईड म्हटलं की तीन रिक्षांना त्याचं काहीच ऐकू येत नाही, आणि चालत्या गाडीत तो ओरडून ओरडून सांगेल तर पहिल्या रिक्षालाही अर्धंच कळेल. म्हणून सुरुवातीलाच बोलून घ्या, गाडी चालू असताना गप्प, थांब्यावर गाडी बंद करायची, सगळ्या खाली उतरल्या की मग सांगायचं. मला विचाराल तर पूर्ण फेरीचं यश यातच आहे. गाडी फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यापुरती, पाहणं जे आहे ते उतरून, हात लागेल एवढ्या जवळ जाऊन.

थांबे असे घ्या. आधी रामाळा तलाव आणि तिथूनच बगड खिडकी. खिडकी म्हणजे परकोटातला लहान दरवाजा, चार मोठे गेट आणि पाच खिडक्या आहेत: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर खिडकी. मग अंचलेश्वर गेट. इथं घाई करू नका. अंचलेश्वर मंदिराजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत, त्यात सगळ्यात मोठी बीरशहाची, ती त्याच्या राणीनं म्हणजे राणी हिराईनं बांधली. नवरा गेल्यावर दत्तक मुलगा रामशहा लहान होता तर तिनंच राज्य सांभाळलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, आणि महाकालीचं मंदिर पण तिचंच काम. बचत गटाच्या बायांना ही बाई माहीत असलीच पाहिजे असं मला फार वाटते, म्हणून गाईडला म्हणा की बाकीचं थोडं कमी सांग, हिराईचं पूर्ण सांग. समाधीच्या सावलीत सतरंजी टाकून बसा, डबे तिथं उघडू नका मात्र, ती संरक्षित वास्तू आहे. डब्यासाठी पुढं महाकालीजवळ जागा भेटते.

महाकाली झाली की ताकद असेल तर तिथूनच जवळ लालपेठच्या बाजूला मोठमोठ्या दगडी मूर्ती उघड्यावर आहेत त्या पाहून घ्या. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्यानं देऊळ बांधायला घेतलं अन् ते पुरं झालंच नाही, मूर्ती तशाच आडव्या पडून राहिल्या. दहा तोंडाची दुर्गा आहे, पंचवीस फुटांच्या आसपास लांब, लोक तिला रावणच म्हणतात. तिच्या बाजूनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की तिचा आकार कळते, फोटोत कळत नाही. मग पठाणपुरा गेट, बिनबा गेट, आणि शेवटी जटपुरा. जटपुरा गेटमधून गावातली निम्मी ट्रॅफिक जाते म्हणून शक्य असेल तर रविवार धरा, बाकी दिवशी तिथं रिक्षा थांबवणं म्हणजे मागच्यांच्या शिव्या.

भाड्याचं आधी ठरवा आणि ठिकाणांवर नाही तर वेळेवर ठरवा, थांबण्याचा वेळ धरून. ठिकाणांवर ठरवलं की ड्रायव्हरला घाई होते, चला ताई चला ताई सुरू होते. गाईडसाठी इको-प्रो या संस्थेच्या लोकांना आधी विचारा. 2017 मध्ये याच पोरांनी परकोटावरची झाडंझुडपं, कचरा काढायला सुरुवात केली, महिनोन् महिने सकाळी सकाळी बुरजांवर राबले, आणि नंतर किल्ल्यावर हेरिटेज वॉक पण घेत आले आहेत. ज्यानं स्वतःच्या हातानं बुरूज साफ केला त्याच्यासारखं सांगणारा दुसरा कोणी नाही. आठ-दहा दिवस आधी बोलून ठेवा, ऐनवेळी नको.

प्रश्न : आमचा गावातला ग्रुप वीस-बावीस जणांचा आहे. ई-रिक्षा करत बसण्यापेक्षा आमची स्वतःची ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, गाद्या टाकतो, वर मंडप बांधतो, सगळे एकाच ठिकाणी बसतील अन् गाईडपण मधात उभा राहून माईकवर सांगेल. नाहीतर छोटा हत्ती पण आहे. काय हरकत आहे?
— एक भाऊ, गोंडपिपरी तालुका

उत्तर : भाऊ, हरकत मोठी आहे. ट्रॉली काय अन् छोटा हत्ती काय, माल वाहायची गाडी आहे, माणसं बसवून नेणं कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही झालं तर विम्याचे पैसे अडकतात. आपल्याकडे लग्नाची वऱ्हाडं ट्रॉलीत जातात आणि दरवर्षी कुठं ना कुठं ट्रॉली पलटी झाल्याची बातमी येते, हे तुम्हालाही माहीत आहे. गावातल्या रस्त्यावर जे चालवून घेतो ते शहराच्या गर्दीत, गेटच्या कमानीखालून करू नका, मी हात जोडून सांगतो.

तुमची माईकची कल्पना मात्र चांगली आहे, ती ठेवा. कमरेला बांधायचा लहान स्पीकर येते, शाळेचे सर लोक वापरतात तो, तो गाईडला द्या. वीस-बावीस जण असाल तर एक मिनीबस करून गावाहून या, ती एका जागी लावा, आणि परकोटाच्या आत ई-रिक्षांचा ताफा करा. दोन गट पाडले अन् दोन गाईड घेतले तर अजून छान, एक गट जटपुऱ्याकडून सुरू करेल अन् दुसरा अंचलेश्वरकडून.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी-सातवीची पोरं घेऊन परकोट पाहायला जायचं आहे. मागच्या वेळी दुसऱ्या एका शाळेसोबत जे गाईड होते त्यांनी ससा अन् कुत्र्याचीच गोष्ट अर्धा तास सांगितली, बाकी काही नाही. ती गोष्ट खरी समजायची का? पोरांना काय सांगावं?
— एक शिक्षिका, सावली तालुका

उत्तर : मॅडम, ती गोष्ट सांगूच द्या, फक्त तिथं थांबू देऊ नका. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर फोड, खांडकं होती, झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाच्या पाण्यानं ती बरी झाली. मग तिथंच फिरताना त्याला दिसलं की कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचाच पाठलाग करून राहिला, आणि ससा ज्या वाटेनं फिरला त्या वाटेवरून परकोट बांधला. ही दंतकथा आहे, इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली, आणि पोरं तीच लक्षात ठेवतात. पण गोष्ट संपली की पोरांना परकोटावर उभं करून विचारा की इथंच का बांधला असेल? एकीकडे इरई, दुसरीकडे झरपट, दोन नद्यांच्या मधात गाव. पावसाळ्यात इरई फुगली की पठाणपुरा गेटबाहेर पाणीच पाणी होते आणि आत भिंत उभी असते. शत्रूसाठी बांधलेली भिंत पुरालाही अडवते हे पोरं स्वतः डोळ्यांनी पाहून सांगतील, तुम्हाला सांगावं लागणार नाही. एका राजाच्या हयातीत एवढं काम होत नसते हेही सांगा, खांडक्याच्या काळात सुरू झालं अन् पुढच्या पिढ्यांनी पुरं केलं.

जटपुरा गेटवर पोरांना एक काम द्या. कमानीच्या बाजूला दगडात हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे, ती गोंड राजांची खूण. वहीत त्याचं चित्र काढायला लावा. सिंहाचा पंजा हत्तीवर कुठं आहे, हत्तीची सोंड कोणीकडे वळली, हे चित्र काढतानाच दिसते. मग पुढच्या प्रत्येक गेटवर तीच खूण शोधायला सांगा, पोरं गाईडच्या पुढं पळतील.

इतिहासाचे दोन-तीन टप्पे पुरे. 1751 मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतलं आणि गोंडांचं राज्य संपलं. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून परकोट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढत पडला. आणि 21 ऑक्टोबर 1858, त्या दिवशी चांद्याच्या जेलमध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली, पंचविशीतला तरुण होता तो. तुमच्या वर्गात गोंड समाजाची पोरं असतीलच, त्यांना हे गेट, ही समाधी, हे नाव आपलं आहे असं वाटलं पाहिजे, आणि बाकीच्या पोरांनाही. जेलच्या आत रोज जाता येत नाही, बाहेरूनच सांगावं लागते. मोहरमच्या वेळी आतल्या दर्ग्यासाठी लोकांना सोडतात, पण शाळेची सहल त्या गर्दीत नको.

भिंतीवर नाव कोरायचं नाही, हे आधीच वर्गात सांगून न्या. परकोट आणि गेट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, कोरणं हा गुन्हा आहे. ड्रायव्हर लोकांनाही हात जोडून सांगा की खर्रा खाऊन बुरजावर थुंकू नका, पोरांसमोर तर नाहीच. बहुतेक जण ऐकतात, सांगणारं कोणी नसते म्हणून होते ते.

प्रश्न : आमच्या अंजनगावकडून चंद्रपूर लय दूर पडते. असं जुनं शहर जवळ कुठं पाहता येईल का?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : तुमच्या उशाशीच आहे की भाऊ, अचलपूर. 1490 मध्ये इमादशाही सुरू झाली तेव्हा वऱ्हाडची राजधानी तिथं होती. दुल्हा गेट पाहा, आणि गावाबाहेरचा हौज कटोरा, तळ्यात उभा असलेला आठ कोनांचा मनोरा. हौज कटोऱ्यापर्यंत उघड्या ऑटोत संध्याकाळच्या उन्हात जावं. गाईड म्हणून गावातलाच एखादा रिटायर मास्तर भेटला तर त्यासारखं नाही, त्यांचा वेळ जातो म्हणून मानधन मात्र द्या, चहावर भागवू नका. गाविलगड त्याच दिवशी जोडायचा मोह होईल, तो वेगळ्या दिवशी करा.

प्रश्न : मे महिन्यात लेकरांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा परकोटाची फेरी केली तर चालेल का?
— एक वाचक, नागभीड

उत्तर : मे मध्ये नको. चांद्यात पारा 45 च्या वर जातो, दगड सकाळी दहालाच तापते आणि उघड्या गाडीत लू थेट अंगावर येते. अगदीच जमत नसेल तर सकाळी सहाला सुरू करून नऊच्या आत संपवा, सगळ्यांच्या डोक्याला दुपट्टा, प्रत्येक रिक्षात पाण्याची कॅन, आणि फक्त अंचलेश्वर अन् जटपुरा एवढेच थांबे. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, नांदेडकडचे, तेलंगणातले लोक येतात, तेव्हा दर्शनाला जरूर जा पण फेरी करायला नको, गाडी हलत नाही. सगळ्यात चांगले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत या, लेकरांनाही जमते. पावसाळ्यात आलात आणि इरईला पूर असेल तर पठाणपुरा सोडून द्या, जटपुऱ्यापासून सुरू करून रामाळ्यावर संपवा.