रिपोर्ट नॉर्मल, मग धडधड कसली?

कोविड होऊन गेला, ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, तरी छातीतली धडधड थांबत नाही. आता अटॅक येणार का? मी समुपदेशक; गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठूनही माझ्याकडे आलेल्यांच्या तोंडी हा प्रश्न असतो. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फोंड्याजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या, वय 36. कोविड घरीच बरा झाला, पण धडधड मागे राहिली ती चार महिने झाले तरी. हिमोग्लोबिन, थायरॉइडही ठीक. सगळीकडे एकच सल्ला: टेन्शन घेऊ नका.

"धडधडतं तेव्हा काय करत असता?"

"काहीच नाही, मॅडम. फळ्यासमोर उभी असते. नाहीतर गरम पाण्याने न्हाऊन बाहेर येते तेव्हा. गणेश चवथीला घुमट वाजवून चाललेल्या आरतीत तर डोळ्यांपुढे अंधारीच आली."

"आणि आडव्या झाल्यावर?"

त्या थबकल्या. "तेव्हा थांबतं."

नुसत्या भीतीला आडवं-उभं कळत नाही. पुढच्या वेळी दहा मिनिटं झोपवून नाडी आणि बीपी मोजलं. मग टेकू न घेता उभं केलं, नवरा शेजारी, मागे खुर्ची. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजलं. नाडी 74 वरून 112 वर गेली. बीपी जवळपास तेवढंच. मोठ्या माणसाची नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत 30 किंवा जास्त वाढली, बीपी पडलं नाही आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर डॉक्टरांना 'पॉट्स'चा (POTS, उभं राहिलं की नाडी फार धावण्याचा विकार) संशय येतो.

कागदावरचे आकडे त्यांनी दोनदा वाचले. "म्हणजे हे मी मनात आणलेलं नाही?" आणि रडू फुटलं. अटॅकची भीती होतीच, पण त्याहून जास्त टोचत होतं ते कुणी खरं न मानणं. माझं मत पक्कं आहे: शरीराचं मोजमाप घेतल्याशिवाय कुणाला विचार बदलायला सांगू नये. तोच कागद घेऊन त्या फिजिशियनकडे गेल्या आणि निदान झालं.

घडतं ते असं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्यांनी लगेच आवळून ते वर ढकलायचं असतं. कोविडनंतर काहींच्या बाबतीत त्यांना हुकूम देणाऱ्या नसांचं तंत्र बिघडतं, मग हृदय धावून भरपाई करतं. हा अटॅक नव्हे.

पण कोविड हृदयाला इजा करतोही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, गुठळ्या होतात, क्वचित हृदयाचा स्नायूच सुजतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 2022च्या मोठ्या अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वर्षभर वाढलेला दिसला, इस्पितळात न गेलेल्यांतही. दाखल झालेल्यांत तो जास्त. म्हणून चालताना छाती दाबल्यासारखी होणं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, अचानक धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, यांपैकी काहीही झालं तर समुपदेशक नको, 108. एकच पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. हृदयाच्या स्नायूची सूज निघाली असेल तर तीन ते सहा महिने धावणं, जिम बंद. परत सुरू करायचं ते तपासणी करूनच.

बाईंसाठी डॉक्टरांनी दिवसाला अडीच लिटर पाणी आणि जादा मीठ सांगितलं. सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी, दहाला मीठ घालून पेज. (बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जादा मीठ विचारल्याशिवाय नको.) कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, नुसत्या पोटरीचे कमी पडतात. दुपारचं शीत-कढीचं भरलं ताट दोनदा विभागून, कारण भरल्या पोटाकडे रक्त ओढलं जातं. न्हायला कोमट पाणी. व्यायाम आडवं पडून पाय हलवण्यापासून, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी अंग गळालं तर आणखी कमी. इथे घाई करणारेच जास्त मागे पडतात.

भीतीचं काम त्यानंतर सोपं झालं. धडधड आली की त्या बसायच्या, पोटऱ्या आवळायच्या, नाडी मोजून वहीत लिहायच्या. तीन आठवड्यांत वहीतल्या "अटॅक?" या शब्दाच्या जागी "उभी होते, 15 मिनिटं" असं यायला लागलं.

पुढच्या चवथीआधी त्यांनी जावेला सांगून ठेवलं, "आरतीला माटोळीजवळचं (गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या मांडवीजवळचं) स्टूल माझं." बसूनच सगळ्या आरत्या म्हटल्या.