पाळी आणि सायकल: वाचकांचे प्रश्न

पाळीच्या दिवसांत सायकल चालवावी की नाही, असं या वेळी फारसं कुणी विचारलेलं नाही. चालवायचीच आहे, पण घासतं, सरकतं, डाग पडतो, त्याचं काय करायचं, असे नेमके प्रश्न आलेत. त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. एक गोष्ट सगळ्याच उत्तरांत डोकावेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: सायकलवर त्रास रक्ताचा कमी आणि घासण्याचा जास्त असतो. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरलं तरी तासाभरात ३,६०० वेळा जांघ वर-खाली होते. पॅड बनवलेलं असतं चालण्या-बसण्यासाठी. त्याची कड इतक्या वेळा एकाच जागी घासली, की कातडी सोलवटणारच.

पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जाते, एका बाजूचं अंतर १२ किलोमीटर. पॅडेड शॉर्ट्समध्ये नेहमीचं पंखांचं पॅड लावते. दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही जांघांत लाल चट्टे उठतात. दोन-तीन प्रकारचे पॅड बदलून पाहिले, फरक नाही.

पॅड कितीही बदललेत तरी फरक पडणार नाही, कारण चूक जोडीत आहे. पॅडेड शॉर्ट्स आत काहीही न घालता थेट अंगावर घालायच्या असतात. त्यातली गादी घाम टिपते आणि अंगाबरोबर हलते. तिच्यावर पॅड चिकटवलं की सगळंच बिघडतं. गादीचं कापड लवदार असतं, त्याला पॅडचा गोंद नीट धरत नाही. घामाने ओलं झालं की पॅड सुरकुतून गोळा होतं. गादी जाड असल्याने पंख खालून गुंडाळता येत नाहीत, त्यांच्या कडा नेमक्या जांघेत येतात. शिवाय पॅडच्या तळाला प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणजे घाम गादीपर्यंत पोचतच नाही, कातडीवरच साचून राहतो.

१२ किलोमीटरला, म्हणजे साधारण पाऊण तासाला, पॅडेड शॉर्ट्स नसल्या तरी चालतं. त्या चार-पाच दिवसांत घट्ट बसणारी सुती निकर घाला, जिची शिवण जांघेत जाड नाही अशी. त्यावर साधी लेगिंग किंवा बिनगादीची सायकलिंग शॉर्ट्स. लेगिंग उलटी करून पाहा: मधोमध चार शिवणी एका गाठीत येत असतील तर ती नको. तिथे पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर उत्तम. पॅड पातळ, २८ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचं घ्या आणि नेहमीपेक्षा दोन बोटं पुढे लावा. हॅण्डलवर वाकलं की स्राव पुढच्या बाजूला येतो. बऱ्याच जणींना मागे कोरडं पॅड आणि पुढे डाग, असा अनुभव येतो तो यामुळेच. ऑफिसात पोचल्यावर पॅड भरलं नसलं तरी बदला, कारण ते घामाने ओलं झालेलं असतं.

पॅडेड शॉर्ट्सच हव्या असतील तर कप (योनीत बसवायची मऊ वाटी, तिच्यात रक्त साठतं) किंवा टॅम्पॉन (योनीत सरकवायचा, दोरी असलेला बोळा) वापरा. तेही नको असेल, तर बिनपंखांचं पातळ पॅड त्यातल्या त्यात बरं.

आता चट्ट्यांचं. साध्या पाण्याने धुवा, टॉवेल न चोळता टिपून घ्या, रात्री झिंक ऑक्साइडचं मलम लावून मोकळे सुती कपडे घाला. सायकलिंगची क्रीम किंवा व्हॅसलीन फक्त जांघेच्या घडीत, तेही थोडंच लावा. पॅडवर लागलं तर पॅड शोषतही नाही आणि चिकटतही नाही. सुगंधी पावडर नको. खाज सुटत असेल, दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव असेल किंवा गोल कडांचे चट्टे पसरत असतील, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून खाजेवरची ट्यूब आणून लावणं फार महागात पडतं. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी आत वाढत राहते. डॉक्टरांना दाखवा.

नाशिकहून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव नोंदवलंय आणि तारीख नेमकी पाळीत येतेय. सहा महिने कप वापरते, पण सायकलवर त्याचं शेपूट टोचतं. कप दिवसभर तसाच ठेवला तर चालेल का?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. कप जास्तीत जास्त १२ तास, आणि भरपूर जात असेल तर त्याच्या कितीतरी आधी रिकामा करायला हवा. कपात साधारण २० ते ३० मिलिलिटर मावतं. तेव्हा वाटेत एकदा तरी रिकामा करायचाच, असं धरून चला. सगळ्यात सोयीची वेळ जेवणाच्या थांब्याची.

पिण्याच्या बाटलीशिवाय अर्धा लिटरची एक बाटली साध्या पिण्याच्या पाण्याची वेगळी ठेवा. संडासात जाण्याआधी बाहेर साबणाने हात धुवा. आत गेल्यावर शेपूट ओढू नका. खाली जोर देऊन कपाचा तळ बोटांत आला की तो चिमटीत दाबा. आत धरलेली हवा सुटल्याचं जाणवतं, मग जरा तिरका करून बाहेर काढा. रिकामा करा, बाटलीच्या पाण्याने धुवा, घडी घालून परत बसवा. मग तळाभोवती बोट फिरवून पाहा: कुठे खळगा लागला तर कप पूर्ण उघडलेला नाही आणि तो गळणार. हळूच गोल फिरवला की बहुधा उघडतो. कडेजवळची बारीक छिद्रं बुजली असली तरीही गळतो. ती मोकळी करायला कप पाण्याने काठोकाठ भरा, तोंडावर तळहात दाबा आणि कप पिळा. छिद्रांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडाल्या की झालं.

शेपूट टोचतं, कारण कप खाली आहे आणि सीटचं नाक ते वर ढकलतं. कप बसवल्यावर शेपटाचं टोक आत राहायला हवं. तरीही बाहेर येत असेल तर कप बाहेर काढून कात्रीने दोन-तीन मिलिमीटर कापा, पुन्हा घालून २०-२५ किलोमीटर चालवून पाहा, मग गरज असली तरच आणखी कापा. कापलेली कड बोटाला खरखरीत लागता कामा नये. कपाच्या बुडाला मात्र कात्री लावू नका. ही कापाकापी ब्रेव्हेच्या आदल्या रात्री करण्याची नाही, आधीच्या पाळीत उरकून घ्या.

तांबी बसवलेली असेल तर कपाबद्दल आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. कप ओढताना तांबी सरकू शकते.

पाळी संपली की कप पाच मिनिटं उकळायचा. भांड्याच्या तळाला टेकला तर जळतो, म्हणून जुन्या स्टीलच्या गाळणीत ठेवून पाण्यात सोडा.

टॅम्पॉन वापरणारीने आठ तासांच्या आत बदलायचा आणि दोरी मागे न सोडता पुढे घडीत सरकवायची, नाहीतर तीच दिवसभर घासते. टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक मोठा ताप, उन्हाने भाजल्यासारखं अंग लाल होणं, उलट्या, चक्कर यातलं काही झालं तर तो लगेच काढून थेट हॉस्पिटल गाठायचं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर त्यात वेळ काढता येत नाही.

ताई, मी नववीत आहे. शाळा चार किलोमीटर लांब आहे, सायकलवर जाते. पाळीत सलवारला मागे डाग पडतो म्हणून दोन दिवस शाळा बुडते. आजी म्हणते सायकलने जास्त जातं. खरं का?

सायकलने जास्त जात नाही. बसलेलं असताना रक्त आत थोडं साठतं आणि सीटवरून उतरून उभं राहिलं की एकदम येतं. त्यामुळे आजीला तसं वाटत असेल, पण एकूण तेवढंच जातं.

डाग पडतो तो बहुतेक पॅड सरकल्यामुळे. सैल निकरमध्ये पॅड जागेवर राहत नाही. निकर अंगाबरोबर घाल आणि तिच्यावर, सलवारच्या आतून, गडद रंगाची घट्ट सुती शॉर्ट्स घाल. ती पॅड दाबून धरते आणि थोडं गळलंच तर आधी तिच्यावर येतं. कापड वापरत असशील तर नुसती घडी सायकलवर टिकत नाही. निकरखाली बटण लागतं असं शिवलेलं कापडी पॅड घे, किंवा आईकडून तसं शिवून घे. ते गार पाण्यात धू आणि कडक उन्हात वाळव, दुसऱ्या कपड्याखाली झाकून नको. झाकलेलं कापड दमट राहतं आणि त्यानेच खाज येते.

आता सीट बघ. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव आणि पायडल अगदी खाली ने. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोचत नसेल तर सीट उंच आहे. मग प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि पॅडही तिच्याबरोबर सरकतं. सीटचं नाक वर उठलेलं असेल तर पुढे दुखतं. सायकलच्या दुकानात हे दोन मिनिटांचं काम आहे, सीट सपाट करून दे एवढंच सांगायचं. दप्तरात एका पिशवीत दोन पॅड, एक निकर आणि वर्तमानपत्राचे दोन तुकडे कायम असू देत. आणि शाळा बुडवू नकोस गं, हे सगळं एका पाळीत जमून जाईल.

मुलगी १६ वर्षांची आहे, सायकलिंगच्या क्लबात जाते, आता कप मागते आहे. लग्नाआधी सायकल आणि कप दोन्हींनी पडदा फाटतो म्हणतात.

तो पडदा म्हणजे दार बंद करणारं काही नसतं. योनीच्या तोंडाशी असलेली ती लवचीक, मध्ये मोकळी असलेली किनार आहे. म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. तिचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. ती ताणते, कधी जराशी फाटतेही, कधी काहीच होत नाही. तिच्यावरून मुलीच्या शरीरसंबंधाबद्दल कुठलाही डॉक्टर काही सांगू शकत नाही. मुलीला लहान आकाराचा, मऊ कप आणून द्या आणि घरी, सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना शिकू द्या. जमायला दोन-तीन पाळ्या लागतात.

पहिल्या दिवशी ओटीपोटात फार दुखतं. गोळी घेऊन घाट चढला तर चालेल का?

हलकं पायडल मारल्याने बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं, तेव्हा सपाटीवर अर्धा तास चालवून बघा आणि मग घाटाचं ठरवा. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिडची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. उन्हात तीन-चार तास चढायचं असेल तर ती टाळलेलीच बरी: अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर ताण आणतात. दमा, पोटातला व्रण किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

दर तासाला पॅड भिजून बदलावं लागत असेल, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी जात असतील किंवा सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल तर ते जास्त जाणं आहे. घाटात पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे पंडुरोग. पण ते १२ च्या वर असूनही साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं, ते फेरिटिनमध्ये कळतं. उलट सायकलिंग वाढवल्यावर तीन महिने पाळीच आली नाही तर सोय झाली असं मानू नका. गरोदरपण नाही याची खात्री करा. नसेल, तर बहुधा खाणं कष्टाला पुरत नाही, आणि त्यात हाडं झिजतात.

वाटेत पॅड बदलल्यावर टाकायचं कुठे? आणि शॉर्ट्सवरचा डाग?

पेट्रोल पंपाच्या संडासात पॅड भांड्यात टाकू नका, तुंबतं. कागदात घट्ट गुंडाळून डबा असेल तर त्यात टाका, नसेल तर झिपच्या पिशवीत ठेवून घरी आणा. पुण्यात कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सांगितलेली पद्धत सगळीकडे चालण्यासारखी आहे: पुडीवर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला ती उघडावी लागत नाही. लाल स्केचपेन किटमध्येच ठेवा.

डागाला गरम पाणी लावू नका, रक्त पक्कं बसतं. शॉर्ट्स उलटी करून गार पाण्यात अर्धा तास भिजवा, सौम्य साबणाने धुवा आणि गादीची बाजू वर ठेवून वाळवा. गादी आतून ओली राहते; दोन बोटांत दाबून गार लागली तर दुसऱ्या दिवशी ती घालू नका.