पहिला प्रूफ संच घेताना

प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेली चकचकीत नाणी. सुरुवात गांधी जन्मशताब्दीच्या संचापासून करा. त्यातलं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. त्यावर १८६९-१९४८ छापलंय म्हणून गोंधळू नका, ते १९६९ मध्येच निघालं. मुंबई टांकसाळीची नेहमीची हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर ते साधं नाणं, प्रूफ नव्हे. तिथल्या प्रूफवर तेव्हा इंग्रजी ‘बी’ असायचा. नाणं उजेडात तिरकं धरा: पार्श्वभूमी आरशासारखी लख्ख, चित्र दुधी दिसायला हवं.

आणि कृपा करून नाणं पुसू नका! मऊ कापडानेही ओरखडे उठतात, ते कायमचे. काळपट झाक आली तरी राहू द्या, मला तर ती आवडते. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच. मूळ डबी नसेल तर किंमत पाडून मागा.