स्कूटर राहू द्या, आधी पॉलिसी बघा

जळगावच्या पिंप्राळ्यातून एका वाचकाचं पत्र आहे. वय 34, एमआयडीसीत नोकरी, हातात पगार 32 हजार, घरी पत्नी आणि दोन लहान मुलं. सहा वर्षांची पेट्रोल स्कूटर नीट चालतेय, पण 78 हजारांची इलेक्ट्रिक घ्यायचीय, लायसन-पासिंग न लागणारी, 24 हप्त्यांवर. रोजचं फिरणं 20 किलोमीटर. 'पेट्रोलच्या बचतीतून हप्ता निघेल ना?' आणि शेवटी एक ओळ: 'मार्चमध्ये पॉलिसीचे 60 हजार भरायचेत, म्हणून डाउन पेमेंट जमणार नाही.'

भाऊ, हप्ता निघणार नाही. पेट्रोलला किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये जातात, विजेला चाळीस-पन्नास पैसे. महिन्याचे 520 किलोमीटर धरले तर वाचतात हजार रुपये. हप्ता पावणेचार हजारांचा.

शिवाय गाडी चुकीची निवडलीय. पासिंग लागत नाही, कारण मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25. अजिंठा रोडला ट्रकांच्या मध्ये ताशी 25 ने जाणं धोक्याचं आहे. दुकानदार 'वेगाचं लॉक काढून 45 पळवून देतो' म्हणाला तर उठून या. तशी गाडी विनापासिंग, विनाविमा वाहन ठरते आणि अपघाताची भरपाई तुमच्या खिशातून जाते. बॅटरीवरचं स्टिकर वाचा. तुम्ही कळवलेले 60 व्होल्ट आणि 28 एएच (अँपिअर-अवर) यांचा गुणाकार करून हजाराने भागा, की 1.7 युनिट येतात. एवढ्यात नवी असताना 50-60 किलोमीटर होतील, सांगितलेले 100 नाहीत. त्यातून लेड-अ‍ॅसिड. आपल्याकडच्या 44-45 अंशांत रोज वापरली तर दीड-दोन वर्षांत पाचही बॅटऱ्या बदलाव्या लागतात, 15 हजारांच्या आसपास खर्च.

आता ती शेवटची ओळ. दहा वर्षं दरसाल 60 हजार भरायचे, विसाव्या वर्षी 12 लाख, विमा 6 लाखांचा. बँकेत 'एफडीसारखीच आहे, पैसे दुप्पट' म्हणून गळ्यात मारली. दोन हप्ते गेलेत. दुप्पट खरं, पण पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे व्याज पावणेपाच टक्क्यांच्या आत. बत्तीस हजार पगाराच्या माणसाला हे विकलं, याचा संताप येतो. उद्या तुम्हाला काही झालं तर घरी येणारे 6 लाख तुमचा जेमतेम दीड वर्षाचा पगार आहे. त्यावर दोन मुलं वाढवायची?

आधी 50 लाखांची टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या, साठीपर्यंतची. वर्षाला आठ-नऊ हजार पडतील. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून नाही. तंबाखू-गुटखा खात असाल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो.

टर्म पॉलिसी हातात आल्यावरच, त्याआधी नाही, जुनी पॉलिसी पेड-अप करायची, म्हणजे हप्ते थांबवून मुदतीपर्यंत तशीच ठेवायची. कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन दोन आकडे लेखी मागा: पेड-अप मूल्य आणि सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारे पैसे). दोन हप्त्यांनंतर सरेंडरला साधारण 30 टक्के, म्हणजे 36 हजारच हमीचे असतात. पेड-अप केली तर पुढचे हप्ते बंद होतात आणि मुदतीअखेर निदान लाखभर मिळतात. टर्मचा हप्ता वजा जाता उरलेले 51 हजार आठ वर्षं पीपीएफमध्ये भरलेत, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी पॉलिसीच्या विसाव्या वर्षापर्यंत 11 लाख होतात. पेड-अपचे लाखभर मिळवले की तेच 12 लाख, पण विमा 50 लाखांचा. एजंट 'नुकसान होईल' म्हणेल. त्याचं कमिशन थांबेल, एवढं खरं.

मात्र यंदाचे 51 हजार पीपीएफमध्ये नकोत. कुटुंबाचा 5 लाखांचा आरोग्य विमा काढा आणि उरतील ते बचत खात्यात अडीअडचणीला ठेवा. पीपीएफ पुढच्या वर्षीपासून आठ वर्षं, त्याने वरचा आकडा थोडा कमी होईल.

पेट्रोलची गाडी अजून दोन वर्षं पळवा. मग पासिंगची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची, किमान 2 युनिटची इलेक्ट्रिक घ्या, निम्मे पैसे रोख देऊन. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या.